शंभरातले किती? नव्या साथीचा मृत्युदर कसा काढतात, आणि तो सारखा का बदलतो

केरळात निपाहचा, म्हणजे वटवाघळांतून आणि त्यांच्या उष्ट्या फळांतून माणसाला लागणाऱ्या रोगाचा, रुग्ण सापडल्याची बातमी आली की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तासाभरात वटवाघळाचा फोटो येतो. मागच्या खेपेला फोटोखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘मृत्युदर ७५ टक्के! लस नाही! औषध नाही!’ त्यावर चिपळूणच्या काकूंचा प्रश्न आला, ‘अगं, तू ते आकड्यांचं शिकवतेस ना? खरं आहे का हे? आणि पायरीची पेटी आजच आली आहे, तिचं काय करू?’

पेटीचं उत्तर सोपं होतं, ते शेवटी देते. पंचाहत्तरचं उत्तर ग्रुपवर टाइप करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख.

भागाकार शाळेतला, भानगड छेदाची

मृत्युदर म्हणजे एक अपूर्णांक. वर अंश, म्हणजे किती जण दगावले. खाली छेद, म्हणजे किती जणांना रोग झाला. भागायचं आणि शंभराने गुणायचं. सातवीतल्या मुलालाही जमेल.

पण ‘किती जणांना रोग झाला’ याची दोन उत्तरं असतात. एक, तपासणीत सापडलेले रुग्ण. हा छेद घेतला की मिळतो तो रुग्ण-मृत्युदर. दुसरं, प्रत्यक्षात ज्यांच्या अंगात विषाणू शिरला ते सगळे. ज्यांना साधी शिंक आली ते, आणि ज्यांना काहीच झालं नाही तेही. हा छेद घेतला की मिळतो तो संसर्ग-मृत्युदर. बातमीत बहुतेक वेळा पहिला असतो आणि वाचणारा तो दुसरा समजून वाचतो. ३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितलं की नोंद झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावले आहेत. वाक्य अगदी बरोबर होतं. पण ‘नोंद झालेल्या’ हे दोन शब्द मथळ्यापर्यंत पोचले नाहीत, आणि आपण सगळ्यांनी ‘कोविड झाला तर शंभरात तीन-चार जातात’ असं ऐकलं.

गॅरेजमध्ये उभं राहून गाड्यांची परीक्षा

समजा एखाद्या कंपनीची स्कूटर किती बिघडते हे ठरवायला तुम्ही गॅरेजच्या दारात उभे राहिलात. तुम्हाला दिसेल ती प्रत्येक स्कूटर बिघडलेली असेल. ज्या हजारो स्कूटरी मुकाट धावताहेत त्या तिथे येतच नाहीत. नव्या साथीत पहिले काही आठवडे आपण असेच गॅरेजच्या, म्हणजे रुग्णालयाच्या दारात उभे असतो.

२००९ चा स्वाइन फ्लू आठवा. एप्रिलअखेर मेक्सिकोतून आकडे आले ते असे : संशयित मृत्यू दीडशेच्या वर, संशयित रुग्ण दोन हजारांच्या आसपास. भागाकार केला तर शंभरात सातेक. जगाच्या पोटात गोळा आला. मग ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे दोन आठवडे पुणेकर विसरणार नाहीत. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, बंद शाळा आणि सिनेमागृहं, केमिस्टकडे संपलेले मास्क, आणि मग तोंडाला बांधलेले घडीचे रुमाल. माझ्या आजीने तर निलगिरीचे थेंब टाकलेला रुमाल बांधूनच देवपूजा केली.

त्याच महिन्यात सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. साधा ताप-खोकला म्हणजे ‘अ’ : तपासणी नको, घरी बसा. तपासणी फक्त ‘क’ची, म्हणजे दम लागलेल्यांची. रांगा आवरायला हे गरजेचंच होतं. पण भागाकाराच्या दृष्टीने काय झालं पाहा. आमच्या घरात तेव्हा तिघं तापाने अंथरुणात होते, आणि तिघांपैकी एकाचाही नमुना गेला नाही. डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा पाहिला, पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि म्हणाले, ‘पाच दिवस दार लावून बसा.’ त्या तिघांना स्वाइन फ्लू झाला असेल, नसेल. झाला असला तरी ते कुठल्याच छेदात नाहीत. अशी घरं पुण्यात किती असतील!

पुढे रक्ततपासण्या आणि पाहण्या झाल्या तेव्हा कळलं की त्या विषाणूने गाठलेल्या दर दहा हजारांत दगावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. शंभरात सातवरून दहा हजारांत काही मोजके. विषाणू तोच राहिला, छेद तेवढा फुगला.

निकाल राखीव

इथपर्यंत वाचून वाटेल की सुरुवातीचे आकडे नेहमी फुगलेलेच असतात, थोडं थांबलं की उतरतात. गोची अशी की दुसरी एक चूक बरोबर उलट्या दिशेने ओढत असते.

दहावीच्या निकालात काही विद्यार्थ्यांपुढे ‘निकाल राखीव’ असं येतं. तो ना पास, ना नापास. साथ जोरात असताना रुग्णालयातले बहुतेक रुग्ण असेच राखीव असतात. आज खाटेवर असलेला माणूस पंधरा दिवसांनी घरी जाईल की नाही, कुणाला ठाऊक? पण आपला भागाकार त्याला छेदात धरून मोकळा होतो, जणू तो वाचलाच.

कागदावर मांडून पाहा. समजा रुग्णांची एकूण संख्या दर आठवड्याला दुप्पट होते, आणि ज्यांना जायचं ते रोगनिदानानंतर तीन आठवड्यांनी जातात. आज एकूण रुग्ण ८००, मृत्यू ८. बातमी म्हणेल, मृत्युदर १ टक्का. पण हे आठ जण कोणत्या रुग्णांतले? तीन आठवड्यांपूर्वीच्या. तेव्हा एकूण रुग्ण होते १००. म्हणजे खरा दर ८ टक्के. उरलेल्या सातशेंचा निकाल अजून राखीव आहे.

हे वहीतलं उदाहरण झालं. सार्स या कोविडच्याच जातकुळीतल्या श्वसनरोगाच्या वेळी प्रत्यक्षात असंच झालं. २००३ च्या वसंतात सुरुवातीला मृत्युदर चारेक टक्के सांगितला जात होता. ७ मेला जागतिक आरोग्य संघटनेने तो १४ ते १५ टक्के असल्याचं जाहीर केलं आणि वर्तमानपत्रांनी ‘विषाणू अधिक घातक झाला’ अशा चालीवर बातम्या केल्या. विषाणू होता तसाच होता, निकाल लागायला लागले होते इतकंच. साथ संपल्यावर शेवटची बेरीज आली : ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के. त्यातही हाँगकाँगमध्ये १७ टक्के आणि चीनच्या मुख्य भूमीवर सातच्या आत. विषाणू एकच, वर्षही एकच.

दक्षिण कोरियात २०२० मध्ये मार्चच्या सुरुवातीला कोविडचा दर ०.६ टक्के दिसत होता, एप्रिलअखेर २.३. तिथे तर तपासणीची चोख व्यवस्था होती, नवे रुग्ण जवळपास थांबले होते. म्हणूनच दर चढला! छेद वाढायचा थांबला आणि राखीव निकाल एकेक करून अंशात पडत गेले. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाचं गणित याहून बोचरं. सप्टेंबर २०१४ मध्ये साधा भागाकार चाळिशीच्या आसपास उत्तर देत होता. तज्ज्ञांनी फक्त ज्यांचा निकाल लागला आहे असे रुग्ण घेतले, तेव्हा उत्तर आलं सुमारे ७१ टक्के.

तर एक चूक आकडा फुगवते, दुसरी दाबते, आणि पहिल्या महिन्यात कोणती जास्त जोरात आहे हे सांगणं अवघड असतं. स्वाइन फ्लूला पहिली भारी पडली, सार्सला दुसरी. ‘असले आकडे नेहमी खालीच येतात’ म्हणणारा आणि ‘खरा आकडा लपवताहेत’ म्हणणारा, दोघांनाही तोवर आपण बरोबर आहोत असं वाटत राहतं.

मग छेद शोधायचा कसा?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा रेंगाळते.

जानेवारी २०२०. वुहान शहर अधिकृतपणे सांगत होतं : ४१ रुग्ण. पण तोवर वुहानहून गेलेले तीन रुग्ण चीनबाहेर सापडले होते, दोन थायलंडमध्ये, एक जपानमध्ये. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या गटाने विचार केला तो असा. वुहानच्या विमानतळावरून रोज सुमारे ३,३०० लोक परदेशी जातात. तो विमानतळ वापरणारी आसपासची वस्ती १ कोटी ९० लाख. संसर्ग झाल्यापासून रोग पकडला जाईपर्यंत दहा दिवस धरले, तर त्या दहा दिवसांत ३३ हजार लोक विमानाने गेले, म्हणजे साधारण पावणेसहाशे माणसांत एक. आता पावणेसहाशेत एक जाण्याची शक्यता असताना रुग्णांपैकी तिघे बाहेर पोचले, तर मागे किती असतील? तीन गुणिले पावणेसहाशे. सतराशेच्या वर! त्यांनी १७ जानेवारीला प्रसिद्ध केलेला आकडा होता १,७२३. वुहानमधली एकही फाइल न उघडता, विमानांच्या वेळापत्रकावरून.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त शीत नीट निवडावं लागतं. विमानाने परदेशी जाणारा माणूस हा साऱ्या शहराचा प्रतिनिधी नाही, आणि तीन हा आकडा इतका लहान की तो दोन असता तर उत्तर तिसऱ्या हिश्श्याने उतरलं असतं. म्हणून असे अंदाज ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा पट्ट्यातच वाचायचे असतात. दुर्दैवाने पट्टा मथळ्यात मावत नाही.

दुसरी वाट म्हणजे जिथून कुणी निसटू शकत नाही अशी जागा. फेब्रुवारी २०२० मध्ये डायमंड प्रिन्सेस ही पर्यटन-नौका जपानच्या योकोहामा बंदरात अडकली. जहाजावर ३,७११ माणसं, त्यांत १३८ भारतीय, बहुतेक कर्मचारी. जवळपास सगळ्यांची तपासणी झाली आणि ७१२ जण बाधित निघाले. तपासणीच्या वेळी त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना काहीही त्रास होत नव्हता. ही खरी किमती माहिती होती. पुढे त्यांतले तेरा-चौदा दगावले, म्हणजे दोन टक्क्यांच्या जवळ. पण जहाजावरचे निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे होते. तेव्हा तो आकडा उचलून धारावीला लावता येत नाही.

धारावीचं नाव घेतलं कारण तिसरी वाट मुंबईतूनच जाते : सिरो सर्व्हे. रोग होऊन गेला की रक्तात प्रतिपिंडं उरतात, चोर गेला तरी पावलांचे ठसे राहावेत तशी. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन वॉर्डांतल्या सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला, इमारतींमध्ये १६ टक्के. शंभर जणांना एकच सार्वजनिक संडास असलेल्या वस्तीत दुसरं काय होणार! या छेदावर बेतलेला संसर्ग-मृत्युदर ०.०५ ते ०.१० टक्के निघाला, बातम्यांतल्या दरापेक्षा कितीतरी कमी.

‘पण मेलेली माणसं तरी बरोबर मोजतात ना?’

नाही. हा मुंबईचा आकडा ऐकून समाधान मानणाऱ्यांना हेच सांगायचं असतं. छेद खोलात जाऊन शोधला आणि अंश मात्र रजिस्टरवरचाच घेतला, तर उत्तर वाजवीपेक्षा लहान येतं.

घरीच दगावलेला माणूस, तपासणीआधीच गेलेला माणूस, दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच लिहिलेला माणूस, हे अंशात नसतात. २००९ च्या स्वाइन फ्लूचे प्रयोगशाळेने पक्के केलेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजार होते. नंतरच्या अभ्यासाने पहिल्या वर्षाचा अंदाज दीड ते पावणेसहा लाखांवर नेला. आपल्याकडची गोष्ट तर जुनीच आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सोजीर घरात शिरून रोगी उचलून नेतात या धाकाने लोक आजारी माणसं लपवत, मेलेलीही लपवत. अंश आणि छेद दोन्ही माजघरात.

यावर उपाय म्हणजे कारण विचारायचंच नाही. एरवी वर्षाला किती लोक मरतात ते पाहायचं, आणि साथीच्या वर्षी किती मेले ते पाहायचं. जो फरक येतो ते जादा मृत्यू. भारतात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली, २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांची. एका वर्षात २१ लाखांची वाढ, आणि त्या वर्षातले अधिकृत कोविड-मृत्यू साडेतीन लाखांच्या आत. हे सगळे २१ लाख कोविडचे, असं मी म्हणत नाही. नोंदणी सुधारते, लोकसंख्या वाढते, आणि त्या वर्षी हृदयविकाराच्या रुग्णालाही खाट मिळत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतासाठी ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज मांडला, भारत सरकारने त्यांची पद्धतच अमान्य केली. वाद चालू राहील. पण अधिकृत आकडा आणि खरा आकडा यांत मोठी दरी आहे, हे आपलीच नोंदवही सांगते.

सरासरी कुणाच्याच वाट्याला येत नाही

लस येण्यापूर्वीच्या कोविडबद्दल मुख्यतः श्रीमंत देशांतून जमलेले आकडे असे होते : पंचविशीतल्या दहा हजार बाधितांत एक मृत्यू, पंचावन्नच्या वयात अडीचशेत एक, पंचाहत्तरला बाविसात एक, पंच्याऐंशीला सातात एक. या सगळ्यांची मिळून ‘सरासरी’ काढली तर ती नातवालाही लागू नाही आणि आजोबांनाही नाही. एखाद्या देशाचा दर बघताना आधी तिथली वयं बघा. मार्च २०२० मध्ये इटलीचा रुग्ण-मृत्युदर दहाच्या वर गेला त्यात म्हातारी लोकसंख्या होती, आणि फक्त अत्यवस्थांची होणारी तपासणीही होती.

शिवाय दर हा काही विषाणूच्या अंगावर छापलेला नसतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये सिलिंडर खांद्यावर घेऊन रांगेत उभे असलेले नातेवाईक ज्याने पाहिले त्याला हे समजावायची गरज नाही. त्याच विषाणूचा दर ऑक्सिजन असलेल्या गावात एक आणि नसलेल्या गावात दुसरा.

‘एक टक्का म्हणजे नव्व्याण्णव वाचतात की!’

हा आक्षेप मी रिक्षात, लग्नात आणि स्टाफरूममध्ये ऐकला आहे. उत्तर गुणाकारात आहे. सार्सचा दर दहा टक्क्यांच्या जवळ होता, आणि त्याने जगात ७७४ माणसं नेली. कोविडचा दर एका टक्क्याच्या आत, आणि त्याचे निव्वळ अधिकृत मृत्यू ७० लाखांवर. कारण सार्सचा रुग्ण सणकून आजारी पडल्यावरच रोग पसरवायचा, त्यामुळे त्याला गाठून वेगळं ठेवता आलं. कोविडवाला ठणठणीत असताना, लग्नाच्या पंगतीत बसून पसरवायचा.

एक लाख वस्तीचा तालुक्याचा गाव घ्या. दर अर्धा टक्का, आणि निम्म्या गावाला लागण. अडीचशे मृत्यू. वर्षभरात झाले तर गाव हळहळेल. तेच सहा आठवड्यांत झाले तर स्मशानात लाकडं पुरणार नाहीत.

जास्त मारक विषाणू आपोआप निवळतो का?

‘यजमानाला मारलं तर विषाणू राहणार कुठे, म्हणून तो सौम्य होतोच’, असं आत्मविश्वासाने सांगितलं जातं. देवीची साथ शतकानुशतकं शंभरात तीसेक माणसं नेत राहिली आणि निवळली नाही. तिला लसीनेच घालवावं लागलं. विषाणूला पुढच्या माणसापर्यंत पोचण्याशी मतलब. पोचल्यानंतर मागच्याचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

काकूंचे पंचाहत्तर

आता निपाह. जागतिक आरोग्य संघटना त्याचा मृत्युदर ४० ते ७५ टक्के सांगते. व्हॉट्सअॅपने त्यातलं वरचं टोक तेवढं उचललं. मलेशियात १९९८-९९ मध्ये २६५ रुग्णांत १०५ मृत्यू. सिलिगुडीत २००१ मध्ये ६६ त ४५. कोझिकोडच्या २०१८ च्या साथीत पक्क्या १८ रुग्णांपैकी १६ गेले. आणि केरळातच २०२३ मध्ये सहापैकी दोन. शेवटचे दोन आकडे टक्क्यांत लिहिले तर ८९ आणि ३३ येतात, आणि वाटतं विषाणू नरमला. पण सहा माणसांवरून टक्केवारी काढणं म्हणजे दोन चेंडू खेळलेल्या फलंदाजाची सरासरी काढणं.

हाही गॅरेजचाच प्रकार असेल का? थोडाफार असेल. पण केरळात साथीनंतर संपर्कातल्या लोकांचं रक्त तपासलं तेव्हा नकळत होऊन गेलेले संसर्ग अगदी थोडे सापडले. स्वाइन फ्लूसारखा इथे छेद फुगत नाही. निपाह खरोखरच जीवघेणा आहे. त्याला रोखून धरतं ते वेगळंच : तो माणसातून माणसात सहजी पसरत नाही, निकटच्या शुश्रूषेतूनच लागतो. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्याच्या खुणा सापडल्या आहेत, तरी तिथला बाजार सुरळीत चालू आहे.

याउलट बर्ड फ्लू. त्याच्या एच५एन१ या विषाणूने २००३ पासून नोंद झालेल्या माणसांपैकी निम्मी नेली, पण २०२४ पासून अमेरिकेत सापडलेल्या पहिल्या सत्तर रुग्णांत मृत्यू एक. तिथे गोठ्यातल्या कामगारांचे नुसते डोळे लाल झाले तरी तपासणी होत होती, आणि विषाणूचे वाणही वेगळे होते. यातलं किती श्रेय छेदाचं आणि किती वाणाचं, यावर अजून खल चालू आहे.

काकूंना यातलं मी एवढंच लिहिलं, ‘काकू, आकडा खोटा नाही, पण तो निपाह झालेल्यांचा आहे, आंबे खाणाऱ्यांचा नाही. उष्टं, टोचलेलं फळ फेका. बाकीचे धुऊन, साल काढून खा.’

थोड्या वेळाने त्यांचा फोटो आला. ताटात चार आंबे, एकाच्या देठाजवळ बारीकसा खड्डा, आणि खाली प्रश्न, ‘हा टोचलेला की देठ तुटलेला?’

फोटो मोठा करून पाहिला. देठच होता.